मिनरल पावडर घेताना आधी डबी उलटी करा

बेळगावात गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात मिनरल पावडर, म्हणजे खनिजांची चेहऱ्याला लावायची मेकअप पावडर, मागितली की समोरून पहिला प्रश्न रंगाचा येतो : गोरा, गव्हाळ की सावळा? शेड बघायचीच आहे, पण नंतर. आधी डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. झाकणावरच्या 'मिनरल' या शब्दावर जाऊ नका. टाल्क म्हणजे आपलं शंखजिरं, तेही खनिजच. त्यामुळे नेहमीची टाल्कची पावडरसुद्धा या नावाखाली खपते.

यादीत जो घटक जास्त तो आधी लिहितात. एक टक्क्याहून कमी असलेले घटक आणि रंग शेवटी कोणत्याही क्रमाने येतात. म्हणून पहिली चार-पाच नावं नीट वाचली तरी बरंच कळतं. मायका म्हणजे अभ्रक. पावडर सरसर पसरते आणि चेहऱ्याला हलकी चमक येते ती त्यामुळे. टायटॅनियम डायऑक्साइड (सीआय 77891; सीआय म्हणजे यादीत छापलेला रंगाचा ठरलेला क्रमांक) आणि झिंक ऑक्साइड (सीआय 77947) हे पांढरे घटक डाग झाकतात. लाल (77491), पिवळा (77492) आणि काळा (77499) हे तीन आयर्न ऑक्साइड मिसळून त्वचेचा रंग साधतात.

बिस्मथ ऑक्सीक्लोराइड (सीआय 77163) दिसलं तर थांबा. त्याने मोत्यासारखी चकाकी येते आणि पावडर चेहऱ्याला छान चिकटते, पण काही जणींना घाम आला की खाज सुटते. एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरवरून फिरणारीने तर ते टाळलेलंच बरं. मोठी छिद्रं आणि सुरकुत्याही त्या चकाकीत जास्त उठून दिसतात. त्वचा नाजूक असेल तर सुवासाची पावडरही नको. नवीन पावडर कोपराच्या आतल्या बाजूला थोडी चोळून 24 ते 48 तास वाट बघा, मगच चेहऱ्याला लावा.

त्वचा तेलकट की कोरडी हे ओळखायला चेहरा धुवा, तासभर काहीही लावू नका आणि मग कपाळ, नाक, गाल यांवर टिश्यू पेपर दाबून बघा. सगळीकडे तेल उमटलं तर यादीत सिलिका किंवा केओलिन (पांढरी माती) असलेली सुटी पावडर घ्या, ती तेल शोषते. कागद कोरडा राहिला आणि गाल ओढल्यासारखे वाटले तर हेच दोन घटक नकोत, नाहीतर पावडर पापुद्र्यासारखी दिसते. मात्र ही परीक्षा वर्षातून दोनदा करावी लागते. खानापूरकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत जी पावडर चोख बसते, तीच डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत गालावर खपल्यांसारखी दिसू शकते. डबी बदलायची नसेल तर निदान थंडीत क्रीम वाढवा आणि पावडर अर्धी करा.

आता शेड. हाताच्या मागच्या बाजूला लावून बघू नका, गाडी चालवून तो हात रापलेला असतो. जवळच्या वाटणाऱ्या तीन शेड जबड्याच्या कडेला शेजारी शेजारी ओढा आणि दुकानाच्या दाराशी उजेडात या. दारावर निळी किंवा लाल ताडपत्री बांधलेली असेल तर आणखी चार पावलं बाहेर पडा, कारण तिचा रंग चेहऱ्यावर पडतो. जी रेघ गळ्याच्या रंगात विरते ती तुमची शेड. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या बघून झाक ठरवायची पद्धत सावळ्या त्वचेवर फारशी उपयोगाची नाही. लग्नाची खरेदी असेल तर हळद लागायच्या आधीच शेड ठरवा. हळदीचा पिवळेपणा अंगावर असताना घेतलेली शेड तो उतरल्यावर पिवळी दिसते.

लगेच पैसे देऊ नका. रेघ तशीच ठेवून दोन तास बाजार करा. तेल मुरल्यावर पावडर गडद होते, त्यामुळे तेलकट त्वचेवर कधीकधी अर्धी शेड फिकट घ्यावी लागते. सावळ्या चेहऱ्यावर राखाडी झाक आली तर टायटॅनियम जास्त झालंय किंवा शेडमध्ये लाल-पिवळा कमी पडतोय. तीच पावडर आणखी थापून हे सुटत नाही, शेडच बदलावी लागते.

लावताना मॉइश्चरायझरनंतर 10 मिनिटं थांबा. ठिगळं पडतात ती बहुधा ओल्या क्रीमवर पावडर पडल्याने. चिमूटभर पावडर झाकणात घ्या, दाट केसांचा ब्रश त्यात गोल फिरवा, कडेवर टिचकी मारून जादा झटका आणि गालापासून बाहेर हलक्या हाताने गोल घोळवा. दोन-तीन पातळ थर पुरतात. डोळ्यांखाली उरलंसुरलंच लावा, नाहीतर रेषांत साचतं. रात्रीच्या रिसेप्शनला फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढराफटक येतो तो सिलिका, टायटॅनियम आणि झिंकमुळे. आदल्या दिवशी मोबाइलवर फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा.

पावडरवर एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) लिहिलेलं असलं तरी सनस्क्रीन सोडू नका. तेवढं संरक्षण मिळायला जितका जाड थर लागतो तितका कुणी लावत नाही. सुटी पावडर उडते, म्हणून लावताना श्वास रोखा आणि तान्ह्या बाळाजवळ डबी उघडू नका. दमा असेल तर दाबलेली, म्हणजे कॉम्पॅक्टच घ्या.

पावडरीत पाणी नसल्याने ती सहजासहजी खराब होत नाही. खराबी येते ती ब्रशमधून. ब्रश आठवड्यातून एकदा सौम्य शॅम्पूने धुवा आणि केस खाली करून वाळवा. पावसाळ्यात पूर्ण सुकायला दोन दिवसही लागतात, तेव्हा जोडीला दुसरा ब्रश असू द्या. डबी न्हाणीघरात ठेवू नका. खरेदी करताना डबीच्या आतल्या चाळणीवरचं सील उघडलेलं दिसलं तर ती डबी परत करून दुसरी मागा.