शून्य नैसर्गिक संख्या आहे का? कुठे काय धरायचं ते असं बघा

सहावीतल्या भाचीचा परवा मेसेज, मामा शून्य नॅचरल नंबर आहे की नाही ते एकदाच सांगून टाक. म्हटलं आधी विचारतंय कोण ते सांग, कारण उत्तर त्यावरच आहे.

शाळेचा पेपर असेल, स्टेट बोर्ड असो नाहीतर सीबीएसई, तर डोळे झाकून १ पासून. १, २, ३ या नैसर्गिक, त्यात ० घातला की पूर्ण संख्या, ऋण संख्याही घेतल्या की पूर्णांक (पोरं खरी गोंधळतात ती पूर्ण आणि पूर्णांकमध्ये, नावंच तशी ठेवलीत). 'सर्वात लहान नैसर्गिक संख्या कोणती' याला ० लिहिलं तर मार्क गेला, तिथे सेट थिअरी (संचांचं वरच्या वर्गातलं गणित) पाजळायची नाही.

कॉलेजात गेलात की पुस्तकाची सुरुवातीची पानं उघडा, लेखकाने काय धरलंय ते बहुतेक तिथेच असतं. लॉजिक, सेट थिअरी, कॉम्प्युटरवाले सहसा ० पासून मोजतात आणि नंबर थिअरीवाले (संख्यांचे गुणधर्म अभ्यासणारे) बऱ्याचदा १ पासून, कारण १२ म्हणजे २×२×३ असे मूळ अवयव पाडता येतात, शून्याचे पाडून दाखवा बरं! नैसर्गिक संख्यांचे मूळ नियम मांडणाऱ्या पेआनो या इटालियन गणितज्ञाने स्वतः १८८९ मध्ये १ पासून सुरुवात केली आणि नंतर ० वर आला, म्हणजे घोळ मुळातलाच आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या गणिती चिन्हांच्या स्टँडर्डमध्येही शून्य आत आहे.

आणि पुस्तकात काहीच दिलं नसेल तर सूत्रात एनच्या जागी सरळ ० टाकून बघायचं. १/एन असेल तर ० चालणारच नाही, विषय संपला. पण 'एन घटकांच्या संचाचे उपसंच २ चा एनवा घात इतके' हे घ्या, एन ० म्हणजे रिकामा संच, त्याचा उपसंच एकच, तो स्वतः, आणि २ चा शून्यावा घातही १, बरोबर जमलं. इथे इंडक्शन (पहिली पायरी सिद्ध करून प्रत्येक पायरीवरून पुढची सिद्ध करायची पद्धत) १ पासून सुरू केलंत तर रिकामा संच बिचारा बाहेरच राहतो, म्हणून पहिली पायरी ० ची.

स्वतः लिहिताना नुसतं 'एन नैसर्गिक' लिहून सोडू नका, एन ≥ ० किंवा एन ≥ १ असं लिहा. 'पॉझिटिव्ह' शब्दावरही विसंबू नका, फ्रान्समध्ये शाळेतच ० ला नैसर्गिक धरतात आणि त्यांच्या 'पोझितिफ'मध्येसुद्धा शून्य येतो, तो नको असेल तर नैसर्गिक संख्यांच्या संचाच्या चिन्हावर चांदणी काढतात.