कमी चाललेली एअर-कूल्ड पोर्शे ९११ घेताय? मग आधी हे बघा

अमेरिकेत क्लासिक पोर्शेच्या जाहिराती चाळायला लागलं की जवळजवळ प्रत्येक गाडी 'लो मायलेज, ओरिजिनल पेंट' असते आणि आपली मंडळी तेवढ्यावरच फिदा होतात. मी इथे १९८७ ते ८९ च्या ९११ कॅरेरा ३.२ कूपेबद्दल लिहितोय, कारण त्यात जी५० गिअरबॉक्स येतो (८६ पर्यंतचा ९१५ गिअरबॉक्स पण वाईट नाही, फक्त गाडी थंड असताना दुसरा गिअर जरा दमाने टाकायचा).

पहिली गोष्ट म्हणजे मीटरवर विश्वास ठेवू नका. या गाड्यांच्या VDO कंपनीच्या मीटरमधलं एक बारकं गिअर झिजतं किंवा सरकतं, मग स्पीडचा काटा मस्त हलत राहतो पण मैलांचे आकडे जागेवरच, म्हणजे मालक अगदी सज्जन असला तरी गाडी बरीच जास्त चाललेली असू शकते. टायटलचाही (गाडीच्या मालकीच्या कागदाचाही) आधार नाही, २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलला विकताना मायलेज लिहून द्यायची सक्तीच नाहीये, 'एक्झेम्प्ट' (म्हणजे सूट) लिहिलं की विषय संपला. म्हणून सगळी सर्व्हिसची बिलं मागा आणि तारीख अन् मायलेज एका कागदावर क्रमाने उतरवून काढा. समजा चार वर्षांत गाडी दोनशे मैल चाललीये आणि त्याच चार वर्षांत टायर बदलले, ब्रेक पॅड बदलले, क्लच पण नवा टाकला, तर विचारा ना सरळ, कशासाठी? बिलंच नसतील तर ती गाडी कमी चाललेली नाही असं धरूनच भाव करा.

मग गाडीत बसा. क्लच पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, स्टिअरिंगचं लेदर, किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे, हे सगळं मीटरशी जुळायला हवं. सीटबेल्टच्या लेबलवर तारीख असते, काचांवर कोड असतात, एखादीच काच वेगळी निघाली तर का बदलली ते विचारा. डिकी पुढे असते, तिथला कार्पेट उचला आणि स्टेपनी, हवेचा छोटा कंप्रेसर, जॅक, टूल किट जागेवर आहेत का बघा, कलेक्टर लोक या असल्या गोष्टींचेही पैसे मोजतात. इंजिनचा नंबर पंख्याजवळ उजव्या बाजूला केसवर असतो, अमेरिकन ८७-८९ गाडीला टाइप ९३०/२५ हवा.

पत्रा झिंक कोटेड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बॅटरीच्या आसपास, पुढच्या काचेचे कोपरे, दरवाजाच्या लॅचखाली आणि जॅक लावायच्या जागी गंज धरतोच. पेंटची जाडी मोजायचं मीटर घेऊन जा, एकाच पॅनलवर आकडा दुपटीने वाढला की तिथे डेंटिंग-पेंटिंग झालेलं असतं.

इंजिन थंड असतानाच बघायला जा, मालकाला आधीच सांगून ठेवा की सुरू करू नका, आणि पोचल्यावर हात लावून खात्री करा. बरेच दिवस उभी असलेली गाडी सुरू करताना थोडा धूर येतो, तो येऊ दे, पण गरम झाल्यावरही निळा धूर येत असेल तर व्हॉल्व्ह गाइड गेलेले असू शकतात, ३.२ चं ते जुनं दुखणं आहे, लीक-डाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघायची) करूनच घ्या. ऑइल मात्र थंडपणी तपासू नका. ड्राय संप आहे, म्हणजे ऑइल इंजिनखाली नाही तर वेगळ्या टाकीत असतं, त्यामुळे गाडी पूर्ण गरम, सपाट जागेवर आणि आयडलवर चालू असतानाच डिपस्टिक खरं सांगते. थंड असताना ती कोरडी दिसते, लोक घाबरून ऑइल ओततात आणि मग ते एअर फिल्टरपर्यंत जातं.

आता खर्चाचं. उभ्या गाडीचं रबर मरतं. इंजिनवरचे पेट्रोलचे पाइप कडक झाले की गळतात, खाली तापलेलं इंजिन, म्हणजे आगीला आमंत्रणच, ते न विचारता बदला. ब्रेकचे होज आणि कॅलिपर त्याच यादीत. डीएमई रिले, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला करंट देणारा छोटा स्विच, ड्रायव्हर सीटखाली असतो, स्वस्त आहे, एक जादा डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवा, कारण तो गेला की गाडी रस्त्यात बंद. हा सगळा आकडा काढून भावातून वजा करायला लावा, आणि तपासणी विकणाऱ्याच्या नाही, तुमच्या मेकॅनिककडून.

टायरवरचा डॉट (DOT) कोड, म्हणजे तो कधी बनला ते सांगणारे आकडे, पण वाचा, शेवटी तीनच आकडे असतील तर तो २००० च्या आधीचा आहे. त्यावर गाडी चालवू नका, पण फेकूही नका, नीट गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवा, पुढचं गिऱ्हाईक त्याचेही पैसे देतं.