अजिलिटीत कुत्र्याला तुमच्यापासून लांब काम करायला कसं शिकवायचं

अजिलिटी म्हणजे कुत्र्याने जंप, टनेल (बोगदा) असे अडथळे ठरलेल्या क्रमाने पार करायचा खेळ. त्यात चांगला जोरात पळणारा कुत्रा सेकंदाला ५-६ मीटर सहज जातो, आपण काय त्याच्या बरोबरीने धावणार? म्हणजे त्याला पुढे पाठवून आपण मागे राहणं आलंच, आणि बहुतेकांचं तिथेच अडतं, कुत्रा एक जंप मारतो आणि लगेच मान वळवून मालकाच्या खिशाकडे बघतो. त्याची चूक नाही हो, खाऊ खिशातून येतो हे आपणच शिकवलंय.

म्हणून आधी खाऊ हातातून काढा. जंपचा बार जमिनीवरच ठेवा, पलीकडे २-३ मीटरवर डब्याचं झाकण, त्यात खाऊ. तो समोर बघतोय याची खात्री झाली की एकदाच ‘गो’ म्हणा (‘गो गो गो चल चल’ असं ओरडत राहिलात तर त्याला त्यातलं काहीच ऐकू येत नाही). जमलं की झाकण रिकामं ठेवायचं आणि तो पुढे जात असतानाच खाऊ किंवा बॉल त्याच्या पुढे टाकायचा. मागे वळल्यावर टाकलात तर बक्षीस वळण्याचं मिळालं, हे टायमिंगच सगळं आहे. मग तुम्ही जंपपासून एकेक पाऊल मागे सरका, दोनदा चुकला की परत जवळ या.

टनेलला हे पटकन जमतं, आत शिरल्यावर तुम्ही दिसतच नाही. खरा घाम वीव्ह पोल्सला निघतो, म्हणजे एका रांगेत उभ्या काठ्या, त्यांच्यामधून कुत्र्याने नागमोडी जायचं. स्पर्धेत १२ पोल असतात, मध्ये ६० सेंटीमीटर अंतर, आणि पहिला पोल कायम कुत्र्याच्या डाव्या खांद्याला यायला हवा. सुरुवात दोनच पोलने करा, पीव्हीसी पाईप चालतात, आणि घड्याळाच्या काट्यासारखं फिरत फिरत वेगवेगळ्या अँगलने पाठवा म्हणजे एंट्री तो स्वतः शोधेल, तुम्ही हाताने दाखवायची नाही. मग चार, सहा असं वाढवत जा. शेवटी तो वीव्ह करत असताना तुम्ही मुद्दाम थांबा, मागे जा, आडवे पळा. मध्येच बाहेर आला तर रागवू नका, खाऊ नाही एवढंच, पुन्हा सोप्या अँगलने.

ए-फ्रेम (दोन तिरप्या फळ्यांची चढ-उतार), डॉगवॉक (उंचावरची अरुंद फळी), सी-सॉ (खालीवर होणारी फळी) यांना खाली रंगवलेला झोन असतो, तिथे पाय लागला नाही की ५ फॉल्ट (दंडाचे गुण). टू ऑन टू ऑफ शिकवा, म्हणजे मागचे पाय फळीवर, पुढचे जमिनीवर, घरातल्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवरही होतं. सुटायचा शब्द मिळेपर्यंत हलायचं नाही, तुम्ही पुढे पळालात तरी. इथे लोक हमखास गडबड करतात, शब्द आणि पाऊल एकदमच टाकतात, मग कुत्रा शब्द ऐकतच नाही, तुमचा पाय बघून सुटतो. आधी शब्द, मग पाऊल. आणि तो शब्द ‘ओके’ नको, दिवसभर फोनवर शंभरदा म्हणतो आपण.

पिल्लाला पूर्ण उंचीच्या जंप आणि पूर्ण वीव्ह देऊ नका, हाडं भरायला मोठ्या जातींना दीड वर्षही लागतं, एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या स्पर्धेतही १८ महिन्यांआधी उतरता येत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी लवकरच करा, पाच मिनिटं पुरे, तो अजून करूया म्हणत असतानाच थांबवायचं.