बडोद्याहून आशियाच्या सहलीला निघताय? स्वस्त तिकीट महागात पाडणाऱ्या या चुका टाळा

बडोद्याहून बँकॉक, हनोई, सिंगापूर किंवा टोकियो गाठायचं म्हणजे प्रवासाचे किमान दोन तुकडे पडतातच. हरणीच्या (बडोद्याच्या) विमानतळावरून दिल्ली-मुंबई आणि तिथून पुढे, नाहीतर एक्स्प्रेसवेने अहमदाबाद आणि मग विमान, नाहीतर रात्रीच्या गाडीने बोरिवली. पैसे गळतात, बॅग अडकते, विमान चुकतं ते बहुतेक वेळा या जोडावर. म्हणून सुरुवात तिथूनच.

स्क्रीनवरचा आकडा हाच खर्च समजणं

तिकीट शोधताना गूगल फ्लाइट्सच्या 'कुठून' या रकान्यात बडोदा, अहमदाबाद आणि मुंबई तिन्ही एकदम टाकता येतात: बीडीक्यू, एएमडी, बीओएम. बँकॉकसाठी सुरतही टाकून बघा. डिसेंबर 2024 मध्ये तिथून थेट उड्डाण सुरू झालं होतं. यादी आली की मुंबईचं तिकीट हमखास वर दिसतं आणि तिथेच घाई होते.

हिशोब घरापासून मांडा. समजा, चौघांना बँकॉकला जायचंय आणि मुंबईचं तिकीट अहमदाबादपेक्षा माणशी 1,200 रुपयांनी स्वस्त आहे. वाचले 4,800. आता बडोदा-बोरिवली चेअर कार माणशी 900 धरली, तर चौघांचे जाऊन-येऊन 7,200. बोरिवली ते सहार विमानतळ टॅक्सी दोन्ही वेळची मिळून 1,600. झाले 8,800. अहमदाबादला घरून टॅक्सी एका बाजूची 2,500 धरली तरी जाऊन-येऊन 5,000. म्हणजे मुंबईवारी 3,800 ने महाग, आणि हातात उरले फक्त एक हजार. परतीचं विमान रात्री दीडला उतरलं आणि सकाळच्या गाडीपर्यंत खोली घ्यावी लागली, तर तेही गेले. तुमचे भाडे वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा.

एकट्या माणसाचं गणित वेगळं असतं. अमितनगर सर्कलवरून शेअर टॅक्सी किंवा एसटी पकडून तो अहमदाबादला थोडक्यात पोचतो, आणि मुंबईलाही एकाच सीटचं भाडं पडतं. त्यामुळे शेजाऱ्याने मुंबईहून स्वस्तात जाऊन आल्याचं सांगितलं, तर आधी विचारा, किती जण होते?

पावसाळ्यात मुंबईचा पर्याय आणखी एका कारणाने जपून निवडावा. जुलैमध्ये विरार-वसई पट्ट्यात रुळांवर पाणी आलं की गाड्या पालघरच्या अलीकडे तासनतास उभ्या राहतात. विमान त्या गाडीसाठी थांबत नाही आणि रेल्वे विमानाचे पैसे देत नाही.

जपान-कोरियाला जाणाऱ्यांनी मुंबईचा नाद सोडून आधी दिल्ली बघावी. टोकियो आणि सोलची थेट उड्डाणं तिथून मिळतात आणि हरणीहून दिल्लीला विमान आहेच.

दोन वेगळी तिकिटं स्वतःच जोडणं

बडोदा-दिल्ली एका साइटवरून, दिल्ली-टोकियो दुसऱ्या साइटवरून. एकूण तीन-चार हजार वाचले. ही जोडणी सगळ्यात जास्त फसते. दोन्ही तुकडे एकाच पीएनआरवर असतील, तर पहिलं विमान उशिरा पोचल्यास पुढची सोय करणं कंपनीचं काम. पीएनआर वेगळे असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. तिकीट बुडालं, आणि कित्येकदा त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द होतो.

वजनाचा सापळा त्याहून छुपा आहे. आंतरराष्ट्रीय तिकिटावर 23 किलोची परवानगी असते, म्हणून बॅग 22 किलोची भरली जाते. पण देशांतर्गत तिकीट वेगळं असेल, तर हरणीच्या काउंटरवर त्या तिकिटाचाच 15 किलोचा नियम लागतो. वरच्या 7 किलोंचे पैसे तिथे मोजले की वाचवलेल्यातला बराच भाग गेला. एकाच पीएनआरवर सहसा आंतरराष्ट्रीय वजन घरापासून चालतं.

तरीही वेगळी तिकिटं घ्यायचीच असतील, तर मध्ये किमान सहा तास ठेवा आणि पहिलं विमान दिवसातलं शेवटचं घेऊ नका. ते रद्द झालं तर पर्यायच उरत नाही. शिवाय टर्मिनल बघा. दिल्लीत टी1 वर उतरून टी3 ला जायचं म्हणजे रस्त्याने जायचं, तेही बॅगांसकट. मुंबईत आता विमानतळच दोन आहेत. तिकिटावर बीओएम म्हणजे सांताक्रूझ-सहार आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबई. एका ठिकाणी उतरून दुसरीकडून उडायचं असेल, तर मधे अख्खी मुंबई आडवी येते.

हाच घोळ परदेशातही होतो. बँकॉकला सुवर्णभूमी (बीकेके) आणि डॉन मुआंग (डीएमके) हे दोन विमानतळ शहराच्या दोन टोकांना आहेत. स्वस्त कंपन्यांपैकी बऱ्याच डॉन मुआंगवरून उडतात. क्वालालंपूरला टर्मिनल 1 आणि 2 मध्ये रेल्वेने किंवा बसने जावं लागतं. आणि वेगळ्या तिकिटावर बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करायचं म्हणजे आधी इमिग्रेशन ओलांडायचं, म्हणजेच त्या देशात प्रवेशाची परवानगी हवी. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा लागतो. ज्यांना फक्त विमान बदलायचंय, तेसुद्धा अशा जोडणीत काउंटरवर अडतात, आणि अडवणारा माणूस बरोबर असतो.

परतीचा एक नियम कोणी सांगत नाही. टोकियो-दिल्ली-बडोदा एकाच तिकिटावर असलं आणि बॅगेच्या टॅगवर बीडीक्यू लिहिलं असलं, तरी कस्टम्ससाठी बॅग सहसा दिल्लीतच पट्ट्यावरून उचलावी लागते आणि ट्रान्सफर काउंटरवर पुन्हा द्यावी लागते. टॅग बघून निर्धास्त होऊन पुढे गेलात, तर बडोद्याला तुम्ही पोचता, बॅग नाही.

मध्यरात्रीची तारीख

अहमदाबाद-मुंबईहून आग्नेय आशियाला जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '14 तारीख, 00:40' असेल, तर काउंटरवर 13 तारखेच्या रात्री साडेनऊला उभं राहायचंय, आणि बडोद्याहून 13 ला संध्याकाळी सात-सव्वासातला निघायचंय. 14 च्या संध्याकाळची टॅक्सी ठरवणारे सुशिक्षित लोकही असतात. ही चूक हुशारीवर अवलंबून नाही, कॅलेंडर वाचायच्या सवयीवर आहे. तिकीट हातात आलं की फोनमध्ये विमानाची नाही, घरातून निघायची वेळ तारखेसह टाका.

याच विमानाचं दुसरं टोक: 00:40 ला सुटून चार तास दहा मिनिटांत बँकॉक, तिथली वेळ आपल्या दीड तास पुढे, म्हणजे सकाळी 6:20. हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनला. बरोबर आजी-आजोबा किंवा लहान मूल असेल, तर खोली 13 च्या रात्रीपासून घ्या आणि 'पहाटे येतोय' असं हॉटेलला लिहून कळवा. न कळवल्यास न आलेला पाहुणा म्हणून बुकिंगच सोडलं जाण्याची शक्यता असते.

चौघांसाठी एकदम शोधणं

एकाच इकॉनॉमी वर्गात विमान कंपन्या वेगवेगळ्या भावांचे गठ्ठे ठेवतात. सगळ्यात स्वस्त गठ्ठ्यात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्यात, तर चारही जागा वरच्या भावाने दाखवल्या जातात. म्हणून आधी एकासाठी, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी शोधा. भाव मध्येच उडी मारत असेल तर दोन-दोनची तिकिटं काढा. अट एकच: प्रत्येक पीएनआरवर एक मोठं माणूस हवं, आणि वेळापत्रक बदललं तर दोन्ही तिकिटं स्वतः तपासायची.

ब्राउझरच्या कुकीज पुसल्याने किंवा मंगळवारी रात्री बुक केल्याने तिकीट स्वस्त होतं, ही समजूत सोडून द्या. प्रवासाचा दिवस दोन दिवस मागेपुढे केलात तर फरक पडतो.

दिवाळीची सुट्टी आणि तिथलं हवामान

दिवाळीनंतर लाभपाचमेपर्यंत गुजरातमधली बरीच दुकानं बंद असतात आणि अर्ध्या गुजरातला त्याच आठवड्यात उडायचं असतं. अहमदाबादचे भाव चढतात ते यामुळे. मंडळींना लाभपाचमेनंतर दोन-तीन दिवसांनी निघणं जमलं, तर त्याच सीटचा भाव उतरलेला दिसतो. शाळेचं कारण असेल तर निघायची तारीख ठेवा आणि परतीची हलवून बघा.

भावाइतकंच हवामान बघायला हवं, कारण 'आशिया' हा एकच ऋतू नाही. दिवाळीत दा नांग आणि होई आन स्वस्त दिसले तर थांबा: मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच मुख्य पावसाचे महिने, होई आनच्या जुन्या गावात पाणी शिरतं ते याच दिवसांत. त्या आठवड्यात हनोईकडचा उत्तर भाग बरा असतो. मे महिन्यात थायलंडच्या फुकेत-क्राबीला पावसाळा सुरू झालेला असतो, पण त्याच देशातलं को सामुई पूर्वेच्या आखातात असल्याने तेव्हा तुलनेने कोरडं असतं. तिथला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. चियांग माईला मार्चमध्ये शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर कोंडतो, डोंगर दिसतच नाहीत. बालीला पाऊस नोव्हेंबर ते मार्च. आणि जपानला 29 एप्रिल ते 5 मेच्या सुमारास गोल्डन वीक, म्हणजे तिथली दिवाळीची सुट्टीच. आपली मुलांची परीक्षा संपून नेमके तेव्हाच आपण निघतो.

नाव

पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या ओळीत स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि 'सरनेम'च्या ओळीत आडनाव, अशी आपल्याकडे पद्धत असते. तिकीट काढताना पहिल्या रकान्यात 'सुनीता प्रकाश'ऐवजी फक्त सुनीता लिहिलं जातं आणि प्रकाश गाळलं जातं. काही कंपन्या चालवून घेतात, व्हिसावाले घेत नाहीत. पासपोर्टाच्या दोन्ही ओळी जशाच्या तशा उतरवा. लग्नानंतर आडनाव बदललं पण पासपोर्ट जुना असेल, तर तिकीटही जुन्या नावानेच. पासपोर्टाची मुदत पोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने हवी.

फुकट फॉर्मचे पैसे

थायलंडचं डिजिटल आगमनपत्र 1 मे 2025 पासून सक्तीचं आहे, मलेशिया आणि सिंगापूरचंही आहे. तिन्ही फुकट, आणि तिन्ही पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे. शोधलं की वर दिसणाऱ्या जाहिरातीच्या साइट यासाठी पैसे मागतात. थायलंडच्या सरकारी पत्त्याचा शेवट 'गो डॉट टीएच', व्हिएतनामचा 'गव्ह डॉट व्हीएन'. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशाचा 25 डॉलर, अनेक प्रवेशांचा 50. चूक झाली तर पैसे परत नाहीत, नवीन अर्ज करावा लागतो. हनोईहून कंबोडियात डोकावून परत यायचा बेत असेल तर 50 वालाच लागतो. तेत, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या सुट्टीत अर्ज रखडतात.

थायलंडला व्हिसा लागो वा न लागो, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवायला सांगू शकतात. कागदावर छापून न्या. उतरल्यावर फोनला नेट नसतं तेव्हा कळतं.

बॅगेतला फराळ

चिवडा, ठेपले निर्धास्त न्या. लोणचं आणि ओली चटणी 100 मिलीपेक्षा जास्त असेल तर हातातल्या बॅगेत चालत नाही, मोठ्या बॅगेत टाका. सुकं खोबरं मात्र घरीच ठेवा; त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून धोकादायक मालात धरतात. सिंगापूरला किंवा दुबईमार्गे जाणाऱ्यांनी अनारसे आणि खसखस घातलेली भाखरवडी नेऊ नये. कारण खसखस: ती अफूच्या बोंडातली, आणि तिथले अमली पदार्थांचे कायदे कडक आहेत.

पॉवर बँक हातातल्याच बॅगेत. 20,000 एमएएच म्हणजे 74 वॅट-अवर (एमएएच गुणिले 3.7 भागिले 1000), मर्यादा 100. त्यावरचे आकडे पुसट झाले असतील तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

गडबड झालीच तर

कंपनीने वेळ बदलल्याचा मेसेज आला की लगेच 'स्वीकारा' दाबू नका. नवीन वेळेने पुढचा जोड तुटतोय का ते आधी बघा, तुटत असेल तर बदल किंवा परतावा मागा. स्वीकारल्यावर हा हक्क हातातून जातो. तिकीट एजंटकडून किंवा मोबाइल अ‍ॅपवरून घेतलं असेल, तर बदलही सहसा तिथूनच होतो, म्हणून बुकिंगमध्ये स्वतःचाच फोन आणि ईमेल घाला, एजंटचा नको. नावात एखाद्या अक्षराची चूक दिसली तर त्याच दिवशी कंपनीला कळवा, जेवढा उशीर तेवढं शुल्क. जायचं विमान चुकलं तर काउंटरवरून हलण्याआधी परतीचं तिकीट जिवंत ठेवायला सांगा आणि तसं ईमेलवर घ्या.

तिकडे कार्ड मशीनने 'रुपये की बाट' असं विचारलं तर बाट निवडा. रुपये निवडले की विनिमयाचा दर दुकानाचं मशीन ठरवतं, आणि तो तुमच्या बँकेपेक्षा जवळजवळ नेहमीच वाईट असतो.