रानातल्या वस्तीवर तान्हं बाळ: वैरणीपासून सव्वा महिन्यापर्यंतची तयारी

कोल्हापूरहून गगनबावड्याकडं जाताना कुंभीच्या खोऱ्यात, गावापासून लांब रानात आमची वस्ती आहे. चार म्हशी, भात, थोडा ऊस आणि घराला लागूनच गोठा. माझी दोन्ही पोरं इथंच वाढली. आता धाकट्या जावेला दिवस आहेत आणि तिची तारीख ऐन जुलैत येते. त्यासाठी घरात जे जे ठरवलंय ते लिहून काढते. वस्तीवर राहणाऱ्या दुसऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधी सांगते, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. म्हशीची धार सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळीच काढावी लागते, डेअरीचं संकलन कुणासाठी थांबत नाही. बाळाला तसली वेळ नसते. चोवीस तासांत 8 ते 12 वेळा त्याला पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. दोन्ही एकाच बाईच्या अंगावर पडलं की दोन्हीचे हाल होतात. म्हणून सव्वा महिना बाळंतिणीनं गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. हे नुसतं तोंडानं म्हणून होत नाही, त्याची तयारी उन्हाळ्यातच रानात करावी लागते.

पावसात सगळ्यात जास्त वेळ खातं ते वैरणीचं काम. ओलं गवत कापा, भारा बांधा, निसरड्या बांधावरून डोक्यावर आणा. हे वाचवायचं तर मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण, भरून ठेवा. मक्याचा दाणा चिकात आला की मका कापायचा, कडबाकुट्टीवर बारीक करायचा, पिशवीत थरावर थर घालून पायानं चांगला तुडवायचा आणि हवा काढून तोंड घट्ट बांधायचं. दीड महिन्यात तयार होतो. एका म्हशीला दिवसाला 15 किलो धरला तर चार म्हशींना 40 दिवसांचा 2400 किलो होतो. म्हणजे अडीच टन भरला की सव्वा महिना निभावतो, जोडीला पिंजर (भाताचा पेंढा) आणि पेंड असतेच. पिशवीला उंदरानं भोक पाडलं की आत हवा शिरते आणि बुरशी धरते. तो भाग काढून टाकायचा, जनावराला घालायचा नाही.

म्हशींच्या तारखाही बघा. म्हैस साधारण 310 दिवसांनी विते, त्यामुळं रेतन केलेला दिवस डायरीत असला की हिशेब लागतो. बाईची आणि म्हशीची तारीख एकाच आठवड्यात येणार असेल तर त्या रात्री गोठ्यात कोण थांबणार हे आधीच ठरवा. शेजारच्या वस्तीवरच्या दादांना विचारून ठेवलं की नाही म्हणत नाहीत. आमच्याकडं अशी देवघेव चालत आलीय.

आता रस्ता. जुलैत आमच्या भागातले कोल्हापुरी बंधारे पाण्याखाली जातात, मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि कोल्हापूरची वाहतूक थांबते. 2019 आणि 2021 चे महापूर सगळ्यांना आठवतात, पण साध्या वर्षीही हे होतंच. तेव्हा पोटात कळ आल्यावर निघू असा विचार पावसाळ्यात करूच नका. तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी बाईला पाण्याच्या पलीकडं, म्हणजे कोल्हापूरच्या बाजूला नेऊन ठेवा. माहेर असो, नणंदेचं घर असो. पहिलं बाळंतपण माहेरी होतंच, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ‘आता काय, सवय झालीय’ म्हणून तिला वस्तीवरच ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, औषधं, जेवण आणि ने-आण सगळं मोफत आहे. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी 102, तातडीला 108. वस्तीवर रेंज कुठल्या कोपऱ्यात येते ते घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंनासुद्धा. पॉवर बँक भरलेली ठेवा. गाडी दारापर्यंत येत नसेल तर कुठल्या वळणावर थांबवायची ते आशाताईंना (गावच्या आशा कार्यकर्तीला) आधीच दाखवून ठेवा.

बाळंतपण साधं झालं तरी 48 तास दवाखान्यातून हलू नका. बीसीजी, पोलिओ आणि हेपॅटायटिस बी ह्या पहिल्या लसी घेऊनच घरी या. हेपॅटायटिस बीची 24 तासांच्या आत द्यायची असते.

पाजण्याबद्दल गोठ्यातल्या माणसाला समजवायला सोपं जातं. रेडकू उभं राहायच्या आधी आपण त्याच्या तोंडाला चीक लावतो, तासाभरात पोटात गेला पाहिजे म्हणून धडपडतो. बाईचा चीकही तसाच आहे. घट्ट, पिवळसर, थोडासाच, पण बाळाला रोगाशी लढायचं बळ त्यातूनच मिळतं. पहिल्या तासात बाळ अंगाला लावायचं आणि पुढं सहा महिने फक्त आईचं दूध. मध नको, गुटी नको, साखरेचं पाणी नको, आणि घरचं म्हशीचं दूध कितीही चांगलं असलं तरी ते बाळाला नको. म्हशीचं दूध आईला द्या, तेही उकळूनच. दूध पुरतंय की नाही हे लंगोटावरून कळतं. पहिला आठवडा सरत आला की दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला पाहिजेत. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन जरा उतरतं, ते साधारण दोन आठवड्यांत भरून येतं.

खोली कोरडी आणि उबदार पाहिजे, पण शेगडीचं काय करायचं यावर घरोघरी वाद होतात. आत्याबाईंना बाजेखाली निखारे हवेतच, वेखंड-ओव्याची धुरी हवीच. मी त्यांना हात जोडून सांगितलंय की पावसात दारं-खिडक्या बंद असतात, आणि बंद खोलीत कोळशातून जो वायू निघतो त्याला वास नसतो, माणूस झोपेतच गुदमरतं. शेक द्यायचा तर दार उघडं ठेवून, डोळ्यासमोर, आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर. धूर बाळाच्या छातीला चांगला नाही, धुरी बंदच. त्याऐवजी बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरनं शाल घ्या. टोपडं घाला, पायमोजे घाला. वजन अडीच किलोच्या आत असलेल्या बाळाला तर हीच ऊब सगळ्यात भरवशाची. आई दमल्यावर बापानंही असं धरायला काही हरकत नाही, आमच्यात धरतात.

आंघोळ पहिल्या दिवशी नको. नाळ गळेपर्यंत कोमट पाण्यात कापड पिळून अंग पुसून घ्यायचं. नाळेवर हळद, राख, तेल, पावडर काही लावायचं नाही. कोरडी ठेवली की आठ-पंधरा दिवसांत आपोआप गळते. गोठा जवळ असताना शेण-मातीचा हात तिथं लागला तर धनुर्वाताची भीती असते.

लंगोटांचा प्रश्न आमच्याकडं फार मोठा असतो, कारण ऊन आठ-आठ दिवस दिसत नाही. जुनी सुती लुगडी आणि धोतरं फाडून चार डझन तरी करून ठेवा. नवं कापड पाणी नीट शोषत नाही. वाळवायची आमची पद्धत अशी: चुलवाणातले निखारे घमेल्यात काढायचे, त्यावर राख पसरायची, वरून डालगं पालथं घालायचं आणि त्याच्यावर लंगोट पसरायचे. डालग्याच्या पट्ट्यांतून ऊब वर येते, कापडातून वाफ निघायला लागते, मग एकेक लंगोट उलटायचा. वाफ थांबली की गालाला लावून बघायचा. गालाला गार लागला तर अजून ओलाच आहे. हे सगळं पडवीत, बाळाच्या खोलीत नाही, आणि माणूस शेजारी बसलेलं पाहिजे. लाईट असली की वरून इस्त्री फिरवायची, शिवणीतला ओलावा त्यानंच जातो.

गोठ्यातून येणाऱ्यानं आधी कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे, कपडे बदलायचे, मगच बाळ घ्यायचं. गोचिडाचं औषध मारलेल्या दिवशी तर आंघोळ करूनच. एखादी म्हैस गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला, तर वार आणि तो सगळा भाग गरोदर किंवा पाजत्या बाईनं हाताळायचाच नाही. हातमोजे घालून दुसऱ्या माणसानं खोल पुरायचा आणि जनावरांच्या डॉक्टरांना कळवायचं. त्यातून माणसाला ताप धरतो.

पेंडीची पोती घराच्या भिंतीला लावू नका. पेंडीला उंदीर येतात, उंदरामागं साप. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते, म्हणून बाळ-बाळंतीण बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. उशाला बॅटरी.

घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, 7 व्या, 14 व्या, 21 व्या, 28 व्या आणि 42 व्या दिवशी येतात. ओढ्याला पाणी असेल तर त्यांना आणायला घरातलं माणूस जाऊ दे. मधल्या दिवसांत नजर आपली. बाळ पीत नसेल, सारखं झोपून राहत असेल, अंग तापलं किंवा गार पडलं, झटके आले, छाती आत ओढली जात असेल, नाळेभोवती लाली किंवा पू दिसला तर सकाळची वाट बघू नका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, 60 किंवा जास्त भरले तर निघाच. कावीळ पावसाळी अंधाऱ्या खोलीत दिसत नाही. बाळाला दारात उजेडाला न्या, कपाळावर बोट हलकं दाबून सोडा, पिवळं दिसतंय का बघा. पहिल्याच दिवशी पिवळेपणा आला किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले तर थेट दवाखाना. मोठा सरकारी दवाखाना म्हणजे कोल्हापूरचं सीपीआर.

आईकडंही बघा. नाचणीची भाकरी, शेपू, मेथी, अळिवाची खीर हे सगळं द्याच, पण पाणी तोडू नका. पाजणाऱ्या बाईला तहान लागते. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस. वस्तीवर दिवसभर पावसाच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नसतो, त्यात बाईला रडू येतं. दोन-चार दिवसांत ओसरलं तर ठीक. दोन आठवडे झाले तरी मन उठत नसेल, बाळाकडं बघावंसं वाटत नसेल, तर आशाताईंना सांगा, डॉक्टरांना दाखवा. तोवर घरातलं कुणी ना कुणी तिच्याजवळ बसलं पाहिजे, काम नंतर होतं.

सव्वा महिना झाला की दीड महिन्याची लस आधी, गोठा नंतर. सुरुवात एका वेळच्या धारेपासून करा, संध्याकाळची बरी पडते. आधी बाळाला पाजून घ्यायचं आणि घरातल्या कुणाच्या तरी मांडीवर द्यायचं. झोळी गोठ्यात बांधायची नाही. तिथं माश्या, गोचीड आणि म्हशीची शिंगं. रानात नेलं तरी औषध मारलेल्या उसाच्या कडेला नाही.