‘नागपूरला नेलेल्या’ माणसाचा शोध घेताय? या चुका टाळा

आमच्या वऱ्हाडात ‘नागपूरला नेलं’ एवढं म्हटलं की जुनी माणसं समजून जातात. तिथलं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं. आजोबांच्या थोरल्या बहिणीला असंच नेलं होतं, आणि पुढं घरात तिचं नावही निघेना.

मी चुकलो ते विचारण्यातच. तेरवीला जमलेल्या सगळ्यांसमोर विषय काढला आणि सगळे गप्प झाले. दुसऱ्या दिवशी चुलत आजी एकटीच तुरीच्या शेंगा सोलत होती, तिच्याजवळ मीही सोलत बसलो. अर्धं टोपलं झाल्यावर ती आपणहून म्हणाली, “तिले फिट येत व्हती. मंग सासरच्यायनं बंडीत बसवून नेलं. वापस आणलंच नाई.” मिरगीच्या माणसांनाही तेव्हा तिथं ठेवत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत, मृत्यूची नोंद नाही म्हणून पुष्कळ जण शोध सोडतात. मृत्यू जिथं झाला तिथं नोंदला जातो, म्हणून नागपूरच्या मृत्यू नोंदवहीत पाहा. बाईला माहेरच्या आडनावानं शोधू नका. नवऱ्याचं नाव आणि सासरचं गाव धरा. इंग्रजी लिपीत नावाचं स्पेलिंग काहीही झालेलं असतं.

रुग्णालयात कागद नाही मिळाला तरी थांबू नका. १९१२ च्या कायद्यानुसार घरच्यांनी अर्ज केला तरी भरतीला दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे, म्हणून जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातही विचारा. मुंबईला मात्र धावू नका; १९५६ पर्यंत विदर्भ मुंबई राज्यात नव्हताच.

माहिती अधिकाराच्या अर्जात ‘सगळी माहिती द्या’ लिहू नका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. प्रवेश नोंदवहीतली नोंद मागा, अंदाजे साल द्या, वंशावळ जोडा.

नोंद मिळालीच तर वेडाच्या कारणाच्या रकान्यावर लगेच विश्वास ठेवू नका. जुन्या कागदांत जिथं तिथं ‘गांजा’ दिसतो. १८९३-९४ च्या सरकारी आयोगानं अशा नोंदी तपासल्या, तेव्हा त्या भरवशाच्या नसल्याचं निघालं.

आणि नोंद घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. माझ्या हाती एकच ओळ आली : नाव, वय, नवरा, गाव. चुलत आजीनं ती ऐकली आणि गावाचं नाव दुरुस्त करून दिलं.