पीए झालात, आता सीएमईचं बघा (अमेरिकेत नवीन आलेल्यांसाठी)

पॅन्स (पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट होण्याची परीक्षा) पास झालात, नावापुढे पीए-सी (सर्टिफाइड पीए) लागलं, घरी पेढे वाटून झाले असतील तर आता जरा सीएमईचं, म्हणजे नोकरीत असताना चालू ठेवायच्या वैद्यकीय शिक्षणाचं, ऐका. दरवर्षी आपल्यातलं कोणीतरी डिसेंबरमध्ये घाबरून फोन करतं म्हणून हे आधीच लिहून ठेवतोय.

एनसीसीपीएला (पीएंना सर्टिफिकेट देणारी संस्था) दर २ वर्षांनी सीएमईचे १०० क्रेडिट लागतात, त्यातले निदान ५० कॅटेगरी १ चे हवेत, बाकीचे कुठलेही चालतात. मुदत ३१ डिसेंबरला संपते, पहिल्यांदाच, समजा २०२५ मध्ये, पास झाला असाल तर २०२७ च्या ३१ डिसेंबरला. सर्टिफिकेट मिळायच्या आधी केलेलं काही धरत नाहीत आणि १०० च्या वर झालेले पुढच्या सायकलला नेता येत नाहीत, त्यामुळे उगाच दीडशे करत बसू नका. तिकडून डॉक्टर होऊन आलेल्यांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे ५ वर्षांत ३० पॉइंट माहिती असतात, ते १०० ऐकून एकदम गप्प होतात :) (आणि हो, इथली एआरसी-पीए (पीए स्कूलांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेची पीए स्कूल केल्याशिवाय नुसत्या एमबीबीएसवर पॅन्सला बसता येत नाही, हे पण सगळे विचारतात.)

कॅटेगरी २ चं काही टेन्शन नाही, एखादी केस बघून त्याबद्दल वाचलंत, जर्नल चाळलं, तासाला १ क्रेडिट, फक्त तेव्हाच्या तेव्हा नोंदवायचं. कॅटेगरी १ साठी मात्र एएपीए (पीएंची राष्ट्रीय संघटना), एएमए (अमेरिकन मेडिकल असोसिएशन) अशांची मान्यता असलेलाच कार्यक्रम लागतो. त्यासाठी दर वेळी विमानाने ऑर्लँडोला कॉन्फरन्सला जायची गरज नाही हो. तुमच्या हॉस्पिटलचे ग्रँड राउंड्स (डॉक्टरांसाठीची नेहमीची व्याख्यानं) मान्यताप्राप्त आहेत का विचारा, असले तर साइन-इन केल्याशिवाय खुर्चीत बसू नका. एसीएलएस (हृदय बंद पडल्यावरच्या उपचारांचा कोर्स) रिन्यू करताना बऱ्याचदा क्रेडिट मिळतात. अपटुडेटवर (वैद्यकीय माहितीची वेबसाइट) तुम्ही रोज शोधताच, त्याचे अर्धे अर्धे क्रेडिट साठत जातात, पण स्वतःच्या लॉगिनने गेलात तरच, वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर तसंच उघडलंत तर नाही.

आता माझं खरं म्हणणं. बहुतेक जण जे फुकट आणि सोपं दिसेल ते करतात, नाहीतर ज्या स्पेशालिटीत नोकरी आहे तेवढंच. ऑर्थोमध्ये लागलेला माणूस सगळे तास गुडघा आणि खांद्यावर घालवतो, आणि मग रीसर्टिफिकेशन येतं तेव्हा प्रश्न असतात हार्ट फेल्युअरचे, थायरॉइडचे, सीओपीडीचे, कारण ती परीक्षा जनरल मेडिसिनचीच असते. सायकल १० वर्षांची आहे. एकतर पॅनरी (रीसर्टिफिकेशनची परीक्षा) द्या, २४० प्रश्न, एका बैठकीत ४ तास, किंवा तिचाच हप्त्याहप्त्याने द्यायचा प्रकार पॅनरी-एलए घ्या, त्यात सातव्या वर्षापासून दर तिमाहीला २५ प्रश्न, पुस्तक बघून उत्तर दिलं तरी चालतं पण एका प्रश्नाला ५ मिनिटंच, आणि १२ पैकी सगळ्यात चांगल्या ८ तिमाह्या धरतात. मला विचाराल तर दुसरा मार्ग घ्या आणि कॅटेगरी १ चे निम्मे तरी तास जे रोज बघत नाही त्यावर घालवा. स्पेशालिटीचं तर कामावर शिकताच आहात.

स्टेटचं लायसन्स हे वेगळं खातं आहे, इथे लोक गल्लत करतात. कॅलिफोर्नियात एनसीसीपीए चालू असलं की लायसन्सचं सीएमई भागतं, न्यूयॉर्कमध्ये दर ४ वर्षांनी इन्फेक्शन कंट्रोलचा कोर्स वेगळा लागतो. शेजारच्या स्टेटमध्ये राहणाऱ्या मैत्रिणीला विचारू नका, आपल्या बोर्डाच्या साइटवर स्वतः वाचा. डीईए नंबर (नियंत्रित औषधं लिहून देण्यासाठी लागणारा फेडरल नंबर) घेणार असाल तर व्यसनांच्या उपचारांवरचं ८ तासांचं ट्रेनिंग एकदा लागतं, जून २०२३ पासून. नवीन पास झालेल्यांचं ते बऱ्याचदा स्कूलमध्येच झालेलं असतं, तसं असेल तर स्कूलकडून लेखी मागून घ्या. ते झालं नसेल तर मान्यताप्राप्त ठिकाणी करा म्हणजे तेच तास १०० मध्ये पण धरले जातात.

आणि बॅजवर, सहीखाली स्वतःहून फिजिशियन "असोसिएट" लिहू नका. एएपीएने २०२१ मध्ये ते नाव घेतलं खरं पण कायद्याने बऱ्याच स्टेट्समध्ये अजून असिस्टंटच आहे, ओरेगॉनने २०२४ मध्ये बदललं.

सर्टिफिकेटं मिळाली की लगेच पीडीएफ एका फोल्डरमध्ये टाका, कारण एनसीसीपीएच्या ऑडिटला कोणाचंही नाव निघू शकतं.

राहिले पैसे. पगारी नोकरीत खिशातून केलेला सीएमईचा खर्च २०१८ पासून फेडरल टॅक्समध्ये वजा होत नाही, म्हणून तो एम्प्लॉयरकडूनच घ्यायचा. आपण लोक पगाराचं पण बोलायला लाजतो, सीएमईचं तर कोणी विचारतच नाही. ऑफर लेटरवर अजून सही केली नसेल तर बघा, वर्षाला किती डॉलर, किती दिवसांची रजा, ती सुट्टीतून कापणार का वेगळी, एनसीसीपीएची आणि डीईएची फी त्यातच धरलीय का, आणि न वापरलेले पैसे पुढच्या वर्षी जातात का. यातलं एक जरी लिहिलेलं नसेल तर ईमेल टाकून विचारा आणि उत्तर ईमेलवरच घ्या.